केर्लीपासून पुलापर्यंत

त्या दिवशी साडेपाचची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली नसती, तर मी मृत्युंजयच्या वडापच्या जीपमध्ये कधीच बसले नसते.

शहाण्णव सालची गोष्ट. मलकापूरच्या पोस्टात दिवसभर खिडकीत बसून मानेचा पार काटा ढिला झालेला. घर पंचेचाळीस किलोमीटर लांब, कोल्हापुरात. आणि समोर एक उंचाडा माणूस, हाच तो मृत्युंजय, आपल्या जीपच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता —

"या पावणं, या! बांबवडे, केर्ली, कोल्हापूर! जागा लई हाय, फकस्त श्वास जरा बारीक घ्या!"

नऊ जणांच्या जीपमध्ये तो सतरा माणसं बसवायचा आणि सगळ्यांना इतकं हसवायचा की चेंगरलेल्याला चेंगरल्याचं कळत नसे. आनंदी, बोलका स्वभाव देवानं सगळ्यांना वाटीनं वाढला असेल, तर याच्या ताटात पातेलंच उपडं केलं होतं.

"म्याडम, तुमी म्होरं बसा," तो मला म्हणाला. बस्स, तेवढंच. मग लगेच मागं वळून, "झुंबरआज्जी, अंडी सांबाळा! न्हाईतर खड्ड्यात आम्लेट हुतंय!"

"तुझ्याच डोस्क्यावर फोडीन, मुडद्या!" झुंबरबाई खुशीत ओरडली. तिची अंडी रोज बाजाराला यायची आणि उरलेली परत जायची.

एसटी चुकली, ती मग रोजच चुकायला लागली... मुद्दाम.

केर्लीला गाडी रिकामी व्हायची. झुंबरबाई उतरायची, बाकीचेही उतरायचे. पुढं पंचगंगेच्या पुलापर्यंत आम्ही दोघंच. आणि तिथं हा बोलका माणूस एकदम मुका व्हायचा. जबडा चोळायचा, रस्त्याकडं बघत राहायचा. वाटेत लोक हात करायचे, तरी थांबायचा नाही. मला वाटायचं, कधी एकदा ही बाई उतरते असं झालंय याला.

मी तरी काय बोलणार? खिडकीतच दिवसभराचे शब्द संपलेले असायचे. गुऱ्हाळाचा गोड वास यायचा, मी डोळे मिटून बसायचे.

पण मला तो आवडायला लागला होता. कधीपासून, ते विचारू नका. साऱ्या जगाशी हसणारा माणूस आपल्याशीच बोलत नाही, हे रोज पंधरा मिनिटं सोसून मी थकले. शेवटी बदलीचा अर्ज केला. आणि सरकारी कारभार बघा, कधी नव्हे तो अर्ज लगेच मंजूर झाला!

शेवटच्या दिवशी संध्याकाळी स्टँडबाहेर जीप उभी होती. मृत्युंजय पायरीवर नव्हता, ओरडतही नव्हता. मी पुढं बसले. त्यानं गाडी सुरू केली.

"अहो, भरली नाही अजून!"

"भरली."

"आरं मुडद्या, मला घे की!" झुंबरबाई पाटी डोक्यावर घेऊन पळत आली.

"मागल्या गाडीनं या, आज्जी!"

आम्ही निघालो. बांबवडे गेलं. मागं सगळ्या सीटा मोकळ्या, आणि हा गप्पच. माझा बांध फुटला.

"एक विचारू? माझं काय चुकलं? सगळ्यांशी बोलता. माझ्याशीच तेवढं..."

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"म्याडम, मी गप बसलो की लोक इचारत्यात. काय झालं? आजारी हाईस काय? आई बी इचारती. मग पुन्ना हसायचं..." त्यानं गाल चोळले. "दुखत्यात वो संध्याकाळी. तुमी कवाच इचारलं न्हाई. साऱ्या दिवसात मला तेवढीच पंधरा मिंटं असायची."

"मी दमलेली असायचे," मी खरं ते सांगितलं. "म्हणून नाही विचारलं."

"व्हय, दिसायचं की. म्हणूनच तर... बरं वाटायचं."

"मग वाटेत लोक हात करायचे, तेव्हा थांबायचा का नाहीत?"

तो लाजला. हा माणूस — लाजला! "एक जरी बसला असता, तर बोलायला लागलं असतं."

सहा महिने मी काय समजत होते, आणि काय होतं... मला रडू आलं आणि हसूही.

"आज्जी म्हनली, बदली झाली तुमची," तो हळूच म्हणाला. "उद्यापास्नं कुनाजवळ गप बसू?"

"रविवारी घरी या," मी म्हणाले. आता मागं फिरायचं नव्हतं. "बाबांना भेटा. मला मागायला या. पण तिथं बोलावं लागेल हं."

"त्येवढं जमतंय की!" तो खुदकन हसला, आणि मग नुसताच माझ्याकडं बघत राहिला. हसण्यानं दुखत असलेले ते गाल मला हातात घ्यावेसे वाटले. घेतले.

पुढं दोघंही काही बोललो नाही. केर्लीच्या फाट्यावर पाच-सहा जणांनी हात केला. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून हलवली. मृत्युंजयनं ब्रेकवर पाय ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

मी डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

"नको थांबवू," मी म्हणाले.