मालधक्क्यामागचा चरगा

अळणावर जंक्शनच्या मालधक्क्यामागं परशुरामचं दोन एकर रान. चहूबाजूंनी घरं उठलेली, मधे हेच तेवढं राहिलेलं. तेही प्लॉट पाडणाऱ्यांना द्यायचं, असं जावयानं, मंजुनाथनं, परस्पर ठरवून टाकलेलं. कागद घेऊनच तो बांधावर बसला होता.

पण त्या दिवशी होती एळ्ळ अमावास्या. त्या सणाला रानात चरगा घालतात. भात-भाकरी कालवून चारी बांधांवर उधळायची. पुढच्यानं हाळी द्यायची, मागच्यानं पाणी शिंपडत ‘ओ’ म्हणायचं. संपेपर्यंत मागं बघायचं नाही. दरवर्षी मागं बायको असायची, सखूबाई. यंदा गुडघ्यानं तिला घरीच बसवलं होतं.

“मंजुनाथ, तांब्या घे की जरा.”

“छे हो मामा! स्टेशनातली माणसं हसतील. आटपा लवकर, मग सही करून टाका.”

परशुरामनं भात-भाकरीची पाटी काखेला लावली. ‘ओ’ आली नाही, तर रान आपलं राहिलं नाही असं समजायचं आणि सही करायची, असं मनाशी म्हणत तो कलत्या उन्हात एकटाच निघाला.

पहिल्या बांधावर हाळी दिली. मागून ‘ओ’ आली, म्हाताऱ्या, खोकल्यानं खरवडलेल्या गळ्यातून. जावयाला पाझर फुटला, आवाज बदलून चेष्टा करतोय वाटतं, म्हणून तो गालात हसला. बघतो तर मंजुनाथ समोरच्या बांधावर, फोन कानाला लावून!

अगं आई गं...

दुसऱ्या बांधावर दहा-बारा जणांची ‘ओ’ आली. वास सुटला ताज्या तोडलेल्या सागवानाचा, आणि इथला साग तुटून तर शंभर वर्षं झालेली. आज्जा सांगायचा, रूळ टाकायला, जंगल तोडून रान करायला आलेली निम्मी माणसं पहिलं पीक बघायच्या आतच तापानं गेली.

तिसऱ्या बांधावर मागं अख्खं गाव चालत होतं. कानडीत, मराठीत कुजबुज, बायकांच्या बांगड्या, रडणारी लेकरं. परशुरामची भीती कुठं पळाली, त्यालाच कळलं नाही. ऊर भरून आला, डोळे वाहू लागले. केवढ्या माणसांच्या पुढं चालतोय मी!

चौथ्या बांधावर मात्र एकच ‘ओ’ आली. तरणी, खणखणीत.

त्यानं मागं वळून पाहिलं. कोणीच नव्हतं. बांध तेवढा ओला होता.

मंजुनाथ उभा राहिला होता, पांढराफटक पडून. कागद त्याच्या मुठीत चुरगळलेला.

“सही राहू दे, मंजुनाथ,” परशुराम हळूच म्हणाला. “हे रान विकायला माझं एकट्याचं नव्हंच.”

“मामा... ती शेवटची ‘ओ’ ऐकलीत?”

“ऐकली की.”

“माझा आवाज होता तो, मामा... आणि मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही.”