झाडूगाडी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मनगटावरच्या घड्याळात मी नुकतंच बघितलं होतं, म्हणून वेळ पक्की लक्षात आहे. तेवढ्यात मधुताई म्हणाली, "मेघना, मागून गाडी येते आहे, बरं का."

मी म्हटलं, "येऊ दे. आपण कडेनंच चाललोय."

जानेवारीतला रविवार होता. झाशीची हाफ मॅरेथॉन, एकवीस किलोमीटरची. अंधारातच सिव्हिल लाइन्समधून सोडलं होतं. ओरछा रोडनं शहराबाहेर जायचं, खुणेच्या झेंड्याला वळसा घालायचा आणि आल्या रस्त्यानं परत यायचं. आम्ही झेंड्याला वळसा घालून परत फिरलो होतो आणि सगळ्यांच्या मागे पडलो होतो. आमच्या मागे कुणीच नव्हतं. उजाडायची वेळ झाली होती, पण उजाडलं म्हणजे काळ्याचं पांढरं झालं, एवढंच. धुकं असं दाट की पुढे केलेला हात मनगटापर्यंतच आपला. दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं होती. ती दिसत नव्हती, नुसता वास येत होता. लिंबाच्या झाडांवरून दहिवर टपटपत होतं, आणि आमच्या चार बुटांचा आवाज. बाकी काही नाही.

ज्यांनी कधी शर्यत पळलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा शर्यतीत सगळ्यांत शेवटी एक गाडी येते. ज्यांचं पाऊल उचलत नाही, ज्यांची वेळ संपली, त्यांना ती रस्त्यावरून गोळा करून नेते. आमच्या बायका तिला झाडूगाडी म्हणतात. आमचा गट अनुयादीदीनं जमवलेला, ती बँकेत आहे. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ती गाडी आली की लाजायचं नाही आणि वाद घालायचा नाही. मुकाट बसायचं." म्हणजे पळणाऱ्या माणसानं त्या गाडीला कुणाची, कुठली, असं विचारायचंच नसतं. ती आपल्यासाठीच आलेली असते.

पण मला बसायचं नव्हतं. का, ते सांगते.

माझी जाई तेव्हा आठ महिन्यांची होती. ती झाल्यापासून माझी झोप गेली होती. रात्रभर उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचं, श्वास आहे ना बघायचं. दूध प्यायली की ठसका लागेल, नाही प्यायली की आजारी पडेल. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, बाहेर पडा, चाला. मी चालले, मग पळायला लागले. पळताना डोक्यातली ती भुणभुण बंद व्हायची. घरी आल्यावर मी तिला घेऊन हसायचे, जे आधी होत नव्हतं.

सासूबाईंना हे पटलं नाही. आमचं घर प्रेमनगरला. सासूबाई कितीतरी पिढ्यांच्या झाशीकर, मी जालन्याकडच्या खेड्यातली. म्हणाल्या, "पत्रिकेत पळते असं लिहिलं असतंत तर आम्ही विचार तरी केला असता." मी म्हटलं, "तुमच्याकडून मुलगा घोरतो हेही कुठं लिहिलं होतं?" माझे यजमान अमोघ खाली मान घालून चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. शेवटी ठरलं ते असं. ही एक शर्यत मी पळावी. स्वतःच्या पायांनी पुरी केली तर सासूबाई पुन्हा बोलणार नाहीत. कुणी उचलून आणलं तर बूट माळ्यावर. मी कबूल केलं. बूट माळ्यावर गेले असते तर मी पुन्हा त्या रात्रीच्या बोटावर आले असते, हे मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं.

पहाटे जाईला पाजलं, वाटीत दूध काढून ठेवलं आणि निघाले.

तर गाडी आली. आधी आवाज आला, रिकामं जातं फिरवावं तसा. मग ओल्या डांबरावर चाकांचा. दिवे लावलेले नव्हते. एवढ्या धुक्यात बिनदिव्याची गाडी कोण चालवतं? ती आम्हाला ओलांडून गेली नाही. आमच्या बरोबरीला आली आणि आमच्याच वेगानं चालू लागली. लहानशी बस होती. बाजूला कापडी फलक बांधलेला, त्यावरची अक्षरं भिजून पसरली होती. दार उघडंच. दाराच्या दांडीवर एक हात, लोकरीच्या बाहीतला. तोंड दिसत नव्हतं.

"बैठ जाइए दीदी," तो आवाज म्हणाला. "बहुत हुआ."

गोड आवाज होता. बाईचा की पुरुषाचा, ते मला अजून सांगता येत नाही.

मी म्हटलं, "अभी टाइम है हमारा." आणि होताच. आम्ही हळू होतो, पण आमची वेळ संपायला खूप अवकाश होता. गाडी इतक्या लवकर यायलाच नको होती. पण दमलेल्या माणसाला हे सुचत नाही.

मधुताई थांबली. ती माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, गल्लीच्या टोकाला राहते. "चल गं, बसू या. माझा घुटना बोलायला लागला आहे."

"तुम्ही बसा, ताई. माझी सासू दात धरून बसली आहे घरी. मी पळतच जाणार."

"तुझी सासू आणि माझा घुटना सारखेच," ती हसली. "थंडीत जास्त बोलतात." आणि दांडीला धरून चढली. चढताना हसत होती. आत गेली आणि हसू मध्येच तुटलं, बटण बंद करावं तसं.

तेव्हा मी पहिल्यांदा आत नीट बघितलं. बाकांवर माणसं बसलेली, सगळ्यांच्या छातीवर शर्यतीचे नंबर लावलेले. सगळ्यांचे हात मांडीवर, नजर समोर. मी किती जणांना शर्यतीनंतर बसलेलं पाहिलंय. कुणी पोटऱ्या चोळतं, कुणी बूट काढून फोड बघतं, कुणी कुरकुरतं. इथं एकानंही स्वतःच्या पायाला हात लावला नव्हता. पाठीमागं एक म्हातारा अर्ध्या चड्डीवर बसला होता, अशा थंडीत, आणि त्याला काटासुद्धा आला नव्हता. दारातून वास येत होता. आधी दुखऱ्या पायांवर मारतात त्या स्प्रेचा, आणि त्याच्या खालून दुसरा... चुलीवर पाणी ओतल्यावर येतो तसा, ओल्या राखेचा.

"मधुताई," मी हाक मारली.

तिनं वळून बघितलं नाही.

मी पुढे पळायला लागले. गाडी बाजूलाच. आणि मग आतून रडण्याचा आवाज आला.

जाईचा.

आईला सांगावं लागत नाही. आधी दोन हुंदके, मग श्वास अडकतो, मग लांब सूर. ती तशीच रडते. मी थांबले.

"बच्ची कब से रो रही है, दीदी..." आवाज म्हणाला. "ले लीजिए ना."

तिला काही झालं, मी नव्हते म्हणून झालं, घरचे तिला घेऊन मला शोधत निघालेत. आठ महिने ज्याची भीती होती ते सगळं एका क्षणात खरं झालं. शर्यत, बूट, सासूबाई, काही उरलं नाही. मी दांडी धरली. दांडी इतकी गार होती की तळहात चिकटला. एक पाय पायरीवर ठेवला. आत, धुरकट काचेपाशी, कुणीतरी दुपट्यात गुंडाळलेलं काही माझ्याकडे पुढे केलं.

आणि माझ्या लक्षात आलं, माझी छाती कोरडी आहे.

ज्या बायांनी अंगावर पाजलंय त्यांना हे कळेल. जाई रडली की माझा पान्हा मला विचारत नाही. भाजीबाजारात कुणाचंही पोर रडलं तरी माझा ब्लाउज भिजायचा, पदर पुढे ओढून घ्यावा लागायचा. पाजून तीन तास उलटून गेले होते, छाती ठणकत होती. आणि माझं लेकरू हातभर अंतरावर टाहो फोडत होतं, तरी एक थेंब आला नाही. कान फसले होते, डोळे फसायला निघाले होते. छाती फसली नव्हती.

मी पाय खाली घेतला. तळहाताची कातडी दांडीलाच राहिली असावी, इतकं झोंबलं.

"हे माझं लेकरू नाही," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, हिंदी आठवलीच नाही. "ज्याचं उचलून आणलंत त्याला परत देऊन या. आणि माझ्या ताईला खाली उतरवा."

आतलं रडणं थांबलं. एकदम. जातं तेवढं फिरत राहिलं.

"आप आख़िरी हैं, दीदी," तो आवाज म्हणाला, आता अगदी कानाशी. "वहाँ अब कोई नहीं बैठा है आपके लिए... सब जा चुके."

"शेवटची तर शेवटची," मी म्हटलं. "कुणी नसलं तर मी एकटी जाईन त्या रेषेवरून. पण पायांनी जाईन."

आणि मी पळाले. वेगानं नाही, तेवढा दम नव्हता. मी मुद्दाम माझ्या नेहमीच्या चालीनं पळाले. घाबरून पळणं वेगळं आणि पळणं वेगळं, तो फरक मला त्या आवाजाला दाखवायचा होता. मागे वळून बघितलं नाही. जात्याचा आवाज बराच वेळ पाठीशी होता. मग नुसते माझे दोन बूट ऐकू यायला लागले.

पुलाच्या अलीकडे पिवळे दिवे दिसले. एक टेम्पो उभा होता आणि नीलकंठजी, आयोजकांपैकी एक, शिटी गळ्यात अडकवून माझ्याकडे धावत आले.

"अरे दीदी, आप कहाँ हतीं? हम तो झंडे तक देख आए। सड़क पे कोऊ नहीं हतो।"

"तुमची दुसरी गाडी होती ना मागे?"

"दूसरी कौन-सी? गाड़ी तो जेई एक है।"

मला बसा म्हणाले. मी हात जोडले आणि पुढे गेले. ते बिचारे टेम्पो माझ्या मागे चालवत राहिले, दिवे लावून, मध्येच शिटी वाजवत. शेवटची रेष ओलांडली तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. अनुयादीदी थांबली होती. अमोघ जाईला घेऊन उभे होते, शाल, टोपी, मोजे, नुसते डोळे दिसत होते. तिला घेतलं आणि बघता बघता पुढून भिजले. रडू आलं ते तिथं.

मग बघते तर खुर्चीवर मधुताई बसलेली. हातात चहा.

"ताई, तुम्ही कशा आलात?"

"गाडीनं," ती म्हणाली.

नीलकंठजींनी कुणालाच उचललेलं नव्हतं. त्यांनी दोनदा शपथेवर सांगितलं. अनुयादीदी म्हणाली, तुझ्या अंगातली साखर उतरली असेल, असे भास होतात. मधु कुणाच्या तरी स्कूटरवर आली असेल. असेल. मी सातवीपर्यंत शिकलेली, साखरेचं मला काय कळतं. मी फक्त माझा सोललेला तळहात पुढे केला. तिनं बघितला, मग दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला गेली.

बूट माळ्यावर गेले नाहीत. सासूबाई अजून तोंड वाकडं करतात, पण बोलत नाहीत. मी रोज पळते. त्या रस्त्यानंही पळते. लोक म्हणतात तो रस्ता सोड. का सोडू? रस्ता त्या गाडीच्या बापाचा नाही.

हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. पण गेल्या आठवड्यात मधुताईची मुलगी तन्वी घरी आली. ती कॉलेजात आहे, मराठी समजतं, बोलते हिंदीच. दारातच उभी राहिली.

"काकू, आप एक बार मम्मी को देख लो।"

मी गेले. दुपारची उन्हं खिडकीतून आत आलेली. मधुताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. हात मांडीवर, नजर समोर. जेवते, बोलते, कपडे वाळत घालते, तन्वी म्हणाली, पण त्या शर्यतीपासून जरा रिकामी झाली की अशी बसते, आणि थंडी पडल्यापासून जास्तच. मला आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. तिचं अंग हलत होतं. हळूच डावीकडे झुकायची, मग सावरायची. मध्येच खड्ड्यातून गेल्यासारखा बारीक हादरा. एकदा अख्खी पुढे झुकली, कुणी ब्रेक दाबावा तशी, आणि हातानं समोरची हवा धरली.

"काकू," तन्वी कुजबुजली, "मम्मी अभी उतरी नहीं हैं।"

आता मी रोज जाते. हात धरून तिला उठवते आणि गल्लीतून चालवते, तिच्या पायांना रस्ता लागू देते. कधीतरी ती उतरेल. मी त्या गाडीला सांगितलं होतं, माझ्या ताईला खाली उतरवा, आणि मी ते मागे घेतलेलं नाही.

काल चालताना तिनं माझा हात घट्ट दाबला. नजर समोरच. म्हणाली, "मेघना, हे बाळ कुणाचं गं? इतक्या लांबपासून रडतं आहे... कुणी घेत का नाही?"

गल्लीत कुणाचंच बाळ नव्हतं.

थंडी पुन्हा सुरू झाली आहे, शर्यतींचे दिवस आलेत. तुमच्या ओळखीत कुणी पळत असेल, हळू पळणारी, सगळ्यांत मागे राहणारी, तर तिला एवढं सांगा. बिनदिव्याच्या गाडीत बसू नकोस. आतून कुणाचाही आवाज आला तरी बसू नकोस. शेवटची ये, पण चालत ये. आणि जिला सांगाल तिला म्हणावं, पुढच्या बाईलाही सांग.