झोपेतले आकडे

ताईंची नोकरी दिसायला सोपी होती. पेशंटच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा, मशीन कमरेला अडकवायचं आणि दुसऱ्या दिवशी चोवीस तासांचे आकडे संगणकावर उतरवून घ्यायचे. सतरा वर्षं हेच. तळघरातली बिनखिडकीची खोली, संध्याकाळपर्यंत सुजणारे पाय, घरी अंथरुणाला खिळलेली आई. "तुमचं बीपी मोजता का कधी?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "मोजलं तर रजा घ्यावी लागेल."

गवंडीकाका या पेशंटचे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ताईंनी मशीनच बदललं. झोपेत माणसाचं बीपी उतरतं. काकांचं दोन वाजता चढायला लागायचं ते चारपर्यंत एकशे ऐंशीच्या पुढे.

दुसऱ्या मशीनवरही तेच.

"रात्री उठता का, काका?"

"छे! ढाराढूर झोपतो." काका हसले. "जन्मभर घमेली चढवली, आता आकडे चढवतोय म्हणा."

सोबत आलेली सून हसली नाही. "मी एकदा जागून बघितलं, ताई. बाबा हललेसुद्धा नाहीत. चारच्या सुमाराला मात्र घामानं उशी भिजली. ओझं वाहून आल्यासारखे धापा टाकत होते, झोपेतच."

तपासणीत कळलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, सहा महिन्यांत चार मिलिमीटर रुंदावली होती. "रात्रीचा दाब उतरायलाच हवा," डॉक्टर म्हणाले. गोळ्या वाढवल्या. आठवड्यानं पुन्हा पट्टा बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन घेऊन सून एकटीच आली. ताईंनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. त्यांचेच डोळे मिटत होते. वायर जोडली, आकडे उतरू लागले आणि त्यांची मरगळ पळाली.

"अगं, उतरलं की! अकराला एकशे शहाऐंशी होतं, पण साडेबाराला एकशे तीस, दोनला एकशे बारा! काकांना सांग—"

"बाबा गेले, ताई."

ताईंनी आता तिच्याकडे पाहिलं.

"रात्री साडेअकराला पाठीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. ती नळीच फुटली म्हणाले. पट्टा मीच काढला, बाराच्या आत. तुमची वस्तू म्हणून घडी करून कपाटात ठेवला."

"नंतर कुणी... दंडाला बांधून बघितला का?"

"घरात बाबा तसे निजलेले असताना?"

ताईंनी संगणकाचा पडदा हळूच आपल्याकडे वळवला. रिकाम्या पट्ट्यावर मशीन आकडा दाखवत नाही, नुसती चूक दाखवतं. इथे दर अर्ध्या तासाला आकडा होता. अडीच. तीन. चार. संथ, एकसारखे. काकांना सहा महिन्यांत एकदाही न लागलेल्या झोपेचे.

"काही हवंय का अजून?" सुनेनं विचारलं.

"नाही. तू जा, आराम कर."

ती गेल्यावर ताईंनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या.

साडेपाच. एकशे दहा.

सहा. एकशे चोवीस. नाडीही किंचित वाढलेली.

जाग येताना माणसाची वाढते, तेवढीच.