मोहोळच्या अलीकडे

“घेऊन जा हिला,” अजीजाबी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. “ही समोर आली की मला माझा आवेज रस्त्यात पडलेला दिसतो. दोन वर्षं झाली, रोज दिसतो. आता बास.”

झीनतचा भाऊ इसूफ जेऊरहून सकाळच्या गाडीनं आला होता. हातातली कपबशी त्यानं तशीच खाली ठेवली. विधवा बहिणीला सासरहून न्यायचं म्हणजे चार शब्द बोलावे लागतील, वडीलधाऱ्यांची मनधरणी करावी लागेल, अशी तयारी करून तो आला होता... इथं तर अडवणारंच कुणी नव्हतं. पंढरपुरात एक माणूस होता, बांगड्यांचं दुकान असलेला, बायको वारलेला, स्वभावानं शांत. त्याच्याकडून विचारणा आली होती. झीनतला इसूफनं फोनवर विचारलं तेव्हा ती “बरं” म्हणाली होती. हो नाही, नको नाही, नुसतं बरं.

आताही ती स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. सासूचे शब्द तिच्या कानांवर पडले आणि तिथंच थांबले. पूर्वी असे शब्द काळजाला घरं पाडत जायचे, रात्रभर उशी भिजायची. मग कधीतरी ते थांबलं, केव्हा ते तिलाही सांगता आलं नसतं. पाय मुडपून फार वेळ बसलं की तो आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं सगळं मन झालं होतं.

आवेज गेला त्या दिवशी ती माहेरी होती, जेऊरला. सकाळीच त्याचा फोन आला होता. आवाजात लहान पोरासारखा आनंद होता. “भिगवणला चाललोय गाडीवर. अब्बांचं छोट्या गाडीचं इंजिन मिळालंय. त्यांना बोलू नको हं, संध्याकाळी एकदम समोर ठेवणार हाय...” मोहोळच्या अलीकडे एका ट्रकनं त्याला उडवलं. भिगवण लांबच राहिलं.

इसूफ तिला सोलापूरला घेऊन आला तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. अजीजाबी जमिनीवर हात आपटत एकच विचारत होत्या, “कोण पाठवला माझ्या लेकराला त्या रस्त्यानं? कुटं चालला होता तो?” झीनतनं सासऱ्यांकडे बघितलं. हारूनभाई भिंतीला धरून उभे होते, ओठ पांढरे पडले होते, छातीवर हात होता. आदल्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या काळजाबद्दल बजावलेलं होतं. हा माणूस आता आणखी एक शब्द सोसू शकणार नाही, एवढंच तिला त्या क्षणी कळलं... आणि ती बोलून गेली.

“मीच बोलावलं होतं, अम्मी. न्यायला या म्हणून हट्ट धरला होता.”

बास. त्या एका वाक्यावर पुढची दोन वर्षं गेली. अजीजाबी तिच्या हातचं जेवत, तिच्याकडून गुडघ्यांना तेल चोळून घेत, पण तिच्या तोंडाकडे बघत नसत. आल्यागेल्याला सांगत, “हिच्या हट्टापायी गेला.” झीनत तेव्हा तिथंच असायची, भाकरी थापत, नाहीतर तांदूळ निवडत. हारूनभाईही तिथंच असायचे. ते काही बोलत नसत.

गच्चीवरच्या खोलीला त्या दिवसापासून कुलूप होतं. त्या खोलीत हारूनभाईंची रेल्वे होती.

हारूनभाईंचं सगळं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांवर गेलं. पण लहानपणी ते वडिलांबरोबर कुर्डुवाडीहून बार्शीला छोट्या गाडीनं जात, आणि ती गाडी त्यांच्या मनातून कधी उतरलीच नाही. रूळ रुंद झाले, छोटी गाडी बंद पडली, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते म्हणे. पुढं त्यांची गाठ संगप्पाशी पडली. संगप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. एकाला विजेच्या मोटारी कळत, दुसऱ्याला सिग्नल. दोघांनाही बाकीचं जग हळूहळू कमी कळू लागलं. दर रविवारी दोघं वर जात. लाकडी फळ्यांवर बोटभर रुंदीचे रूळ आले, सोलापूर स्टेशन आलं, मोहोळ, कुर्डुवाडी. मागावरचं वाया गेलेलं सूत हिरव्या रंगात बुडवून त्यांनी रुळांच्या कडेला गवत उगवलं. आवेज त्या गवतातच वाढला म्हणायचा. लग्न ठरल्यावर त्यानं हट्टानं फळी पुढं वाढवली आणि जेऊरचं स्टेशन बांधलं. झीनत नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा त्यानं तिला आधी वर नेऊन तेच दाखवलं होतं. “हे बघ, तुझं माहेर. वाटलं की ये, दोन मिनिटांत पोचशील.”

फक्त बार्शीच्या छोट्या गाडीला इंजिन नव्हतं. तसलं बाजारात मिळत नाही. जेवताना हारूनभाई कितीदा तरी तो विषय काढत.

संगप्पा अजून दर रविवारी येत असे. ओसरीवर बसे, चहा पिई, दोघं मित्र रस्त्याकडे बघत बसत आणि दुपारी तो उठून जाई. एकदा त्यानं झीनतला जिन्यापाशी गाठलं होतं. “पोरी, तो कुटं चालला होता, मला ठाऊक हाय. भिगवणच्या माणसाचा पत्ता मीच दिला त्याला. तू कशापायी घेतेस अंगावर?” तिनं त्याचे हात धरले. “काका, तुमाला अब्बांची शप्पथ हाय. त्यांना कळलं तर ते जगायचे न्हाईत.” संगप्पा मान खाली घालून गेला, आणि पुढच्या रविवारी परत येऊन ओसरीवर बसला.

आज रविवार नव्हता, तरी संगप्पा दारात उभा होता. हारूनभाईंनी बोलावून घेतलं होतं.

“इसूफ, तुमची गाडी दुपारची हाय न्हवं?” आतून येत हारूनभाई म्हणाले. त्यांच्या हातात किल्ली आणि पान्ह्यांची पिशवी होती. “तोवर बस. आमी वरचं मोडून येतो.”

“काय मोडताय?” अजीजाबींनी विचारलं.

“रेल्वे.”

झीनतनं कोपऱ्यातला झाडू घेतला आणि ती दोघांच्या मागून जिना चढली. खोली झाडायला तर कुणीतरी लागणारच होतं.

कुलूप निघालं. आत धुळीचा आणि जुन्या सुताचा वास कोंडला होता. सगळं होतं तसं होतं. मोहोळच्या स्टेशनात एक मालगाडी उभी होती, दोन वर्षं, सिग्नलची वाट बघत. हारूनभाईंनी कशाकडे नीट बघितलंच नाही. ते सरळ खोलीच्या टोकाला गेले आणि त्यांनी पान्हा लावला तो आवेजच्या हातच्या जेऊर स्टेशनाला.

“ते नको,” संगप्पा म्हणाला.

“कुठून तरी सुरुवात करायलाच पायजे.”

“हारून, ते नको म्हणतो मी.” संगप्पानं त्यांचा हात धरला. “पोरगी चालली हाय. घरच्या माणसांनी शिव्या देऊन घालवल्यासारखी चालली हाय. आता तुझी शप्पथ मोडतो, काय व्हायचं ते होऊ दे. तिनं बोलावलं नव्हतं आवेजला. तो भिगवणला चालला होता. तुझ्या छोट्या गाडीचं इंजिन आणायला.”

झीनतच्या हातातला झाडू थांबला. तिनं हारूनभाईंकडे बघितलं. आता ते छाती धरतील, आता खाली बसतील... दोन वर्षं तिनं ज्या क्षणाला या घरात शिरू दिलं नव्हतं, तो शेवटी शिरला होता.

हारूनभाईंनी छाती धरली नाही. पान्हा हळूच फळीवर ठेवला.

“ठाऊक हाय मला,” ते म्हणाले.

खाली रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला.

“आवेज गेल्यावर आठवडाभरानं त्या माणसाचा फोन आला होता मला. ‘तुमचा मुलगा येतो म्हणाला होता, आला न्हाई, इंजिन ठेवू का देऊन टाकू...’ मी म्हटलं, देऊन टाका. तवा समजलं. माझ्यापायी गेला. आणि हिनं माझं आपल्या अंगावर घेतलं, ते बी समजलं.”

“आणि गप्प बसलास?” संगप्पा म्हणाला. “दोन वर्षं?”

“अजीजा रोज बोलायची. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं... ती मला असं बोलली तर मी कुटं जाऊ? पोरगी सोसतेय की. तिला जमतंय.” त्यांनी तोंडावर हात फिरवला. “माझ्याच्यानं झालं न्हाई.”

संगप्पा मित्राच्या तोंडाकडे बघत राहिला, अनोळखी माणसाकडे बघावं तसा. पंधरा वर्षं ज्याच्या शेजारी वाकून तारा जोडल्या, तो हाच का, असं काहीसं त्याच्या डोळ्यांत होतं. मग तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

हारूनभाई सुनेसमोर आले. हात जोडू लागले, तर तिनं ते धरून खाली केले.

“असं नका करू, अब्बा.”

“शिव्या दे मला. काय तरी बोल, बेटा.”

झीनतनं मनात शोधून बघितलं. जिथं संताप असायला हवा होता, वेदना असायला हवी होती, तिथं ती हात घालत गेली आणि हाताला काही लागलंच नाही. “मला काय वाटतच न्हाई, अब्बा,” ती खरं तेच बोलली. “खाली जाऊन अम्मींना सांगा. मी गेल्यावर सांगाल, तर त्या विश्वास ठेवणार न्हाईत.”

ते गेले. वर दोघांना काही ऐकू आलं नाही. ना रडणं, ना ओरडणं. मग जिन्यावर पावलांचा आवाज आला. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. गुडघे धरल्यापासून अजीजाबी कधी जिना चढल्या नव्हत्या. इसूफ त्यांना मागून आधार देत होता. हारूनभाई त्यांच्याही मागं होते; नवऱ्याचा हात अजीजाबींनी घेतला नसावा.

अजीजाबी दारात टेकल्या. धाप लागली होती. ही रेल्वे कशी मोठी झाली ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. खालून चहा तेवढा पाठवला होता, मुलाच्या हातून.

“कुटं?” त्यांनी विचारलं.

कुणाला कळलं नाही. झीनतला कळलं. तिनं त्यांना दंडाला धरून फळीपाशी आणलं. रुळांच्या कडेनं काळा रंगवलेला महामार्ग जात होता, त्यावर बोटभर लांबीच्या मोटारी चिकटवलेल्या होत्या.

“हितं, अम्मी. मोहोळच्या अलीकडं.”

अजीजाबींनी वाकून तिथं तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. ताप बघायला पोराच्या कपाळावर ठेवतात, तसा. उचलला तेव्हा हिरव्या सुताचे धागे हाताला चिकटले होते. मग पहिल्यांदाच, दोन वर्षांनी, त्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं.

“का बोललीस असं?”

“अब्बांचा चेहरा बघितला मी, अम्मी.”

“त्यांचा बघितलास... आणि माझा? मी तुला काय काय बोलले. तुला येऊन एकदा सांगावं वाटलं न्हाई, अम्मी, बास करा म्हणून? मला कशाला एवढं पाप करू दिलंस गं?”

त्यांनी तिला कवेत घेतलं आणि त्या रडू लागल्या, आक्रोश न करता, नुसत्या हलत. झीनत त्यांच्या मिठीत ओंडक्यासारखी उभी होती. रडावं असं तिला फार वाटलं. ते जमेना, म्हणून ती सासूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“आज जाऊ नको,” अजीजाबी म्हणाल्या. “माझ्यापाशी राहा. मी तुला काय बी बोलणार न्हाई.”

“जाते, अम्मी. मला झोप न्हाई किती दिवसांची. घरी जाऊन झोपते जरा.”

एवढं बोलून तिनं झाडू कोपऱ्यात उभा केला. दुपारच्या गाडीनं भाऊबहीण निघाले. रेल्वे मोडायची राहिली ती राहिलीच.

जेऊरला झीनत खरोखरच झोपली. उन्हं चढेपर्यंत झोपायची, खायची, परत झोपायची. पंढरपूरच्या पाहुण्यांना आता काही सांगू नको, असं तिनं इसूफला बजावलं. “मी विचार करीन, मग सांगीन. कुणी विचारलं म्हणून बरं म्हणणार न्हाई आता.” अजीजाबींचा रोज संध्याकाळी फोन येई. त्या आवेजच्या लहानपणीचं काहीबाही सांगत, मग विचारत, “जेवलीस का?” हारूनभाईंचं नाव त्या घेत नसत.

आणि थंडी सरता सरता एका दुपारी इसूफनं घरी येऊन सांगितलं, “तुझे सासरे आलेत. स्टेशनवर बसलेत दोघं. घरी चला म्हटलं तर येत न्हाईत.”

झीनत डोक्यावरची ओढणी सारखी करत गेली. फलाटावरच्या बाकावर हारूनभाई आणि संगप्पा शेजारी शेजारी बसले होते. संगप्पाच्या हातात मोजमापाची टेप होती.

“आवेजनं फळीवरच्या जेऊरच्या छपराचा उतार चुकवलाय,” संगप्पा जरा ओशाळून म्हणाला. “म्हटलं, खरं स्टेशन बघून यावं. हा एकटा यायला भीत होता. मी बी अजून बोलत न्हाई ह्याच्याशी फारसं. पण एकट्याला कसा सोडू?”

हारूनभाई वाळले होते. “तुला न्यायला न्हाई आलो,” ते घाईनं म्हणाले. “तू ये, न ये. तुझी मर्जी. मी नुसता... बघून जाणार होतो.”

झीनत त्यांच्यासमोर उभी राहिली. ती बरी आहे असं सांगणार होती, पाणी हवं का विचारणार होती. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

“तुमी तिथं बसलेले असायचे, अब्बा. मी भाकऱ्या करायचे, अम्मी आल्यागेल्यासमोर मला खुनी म्हणायच्या, आणि तुमी ताटावर बसून जेवायचे. तुमाला ठाऊक होतं, आणि तुमी भाकरी मागून घ्यायचे माझ्याकडून.”

तिचा आवाज चढला. बाकावर पलीकडं बसलेली एक बाई वळून बघू लागली. झीनतचे गाल भिजत होते, आणि ते तिला कळत होतं, एकेक थेंब कळत होता.

“व्हय,” हारूनभाई म्हणाले. “बोल.”

ती बोलत गेली. आवेजला मातीत ठेवून आले त्या दिवसापासून ते शेवटच्या सकाळपर्यंतचं, काही गाळलं नाही. सोलापूरकडं जाणारी गाडी फलाटाला लागली. संगप्पा सवयीनं उठला, टेप खिशात घातली आणि त्यानं मित्राकडे बघितलं. हारूनभाई हलले नाहीत. त्यांनी सुनेसाठी बाकावर थोडी जागा केली होती, आणि ती तिथं बसली होती, तोंड त्यांच्याकडे करून, अजून बोलत.

संगप्पा परत खाली बसला. गाडी गेली.