कबुलीच्या खोलीची फळी

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागच्या चर्चमध्ये कबुलीची खोली बसवायला शिरूरचा बद्रुद्दीन मिस्त्री भर दुपारी गेला. खोली कसली, उभं कपाटच. मधे एक रुंद सागवानी फळी, तिला तोंडाच्या उंचीवर जाळी. एका बाजूला फादर बसणार, दुसऱ्या बाजूला माणूस गुडघे टेकून आपली चूक सांगणार.

"चाचा, आत बसून बघा, आवाज पोचतो का," फादर म्हणाले. "मी पाटसला एका आजाऱ्याला भेटून येतो."

"आन् बोलू काय?"

"बाहेर बोलता येत नाही ते."

"मग एवढ्याशा खोलीत कसं मावायचं?"

फादर हसत गेले. बद्रुद्दीन काही हसला नाही.

या फळीवरूनच बिनसलं होतं. मांडवगणचा जयसिंग, तीस वर्षांपासूनचा त्याचा भागीदार. त्याची रीत ठरलेली. चुना-तंबाखू दाढेत धरून, बोट वाकवून फळी वरून खाली ठोकत यायची, कान लावायचा, जिथं आवाज बद्द येईल तिथं पेन्सिलीनं फुली मारायची. या फळीवर फुली मारून तो म्हणाला होता, "बद्रू, ओलं हाय. एक उन्हाळा जाऊ दे, न्हाईतर चिरंल."

बद्रुद्दीननं नाताळचा वायदा दिलेला. वखारीत चार माणसांसमोर तो बोलून गेला, "लाकूड बरं हाय. तुझं कान सडल्यात. घरी बस आता." आणि रंधा फिरवून फुली उडवली.

जयसिंगनं हत्यारांची पिशवी उचलली. महिन्याभरात गेला. बद्रुद्दीन मातीला गेला नाही. काम आहे म्हणाला. काम कसलं, तोंडच नव्हतं.

आता त्यानं गुडघे टेकले, पडदा ओढला. आत अंधार, पॉलिशचा उग्र वास.

"हॅलो, हॅलो," म्हणाला. स्वतःचीच लाज वाटली. मग जाळीला तोंड लावून हळूच म्हणाला, "जयसिंग... लाकूड ओलं व्हतं. मला कळत व्हतं."

पलीकडून टक् झालं.

"फादर?"

टक्... टक्... फळीच्या पार वरून. क्षणभर थांबत, बोटभर खाली येत. पॉलिशच्या वासात चुना-तंबाखूचा वास मिसळला. जाळीच्या खाली, अगदी त्याच्या हनुवटीसमोर, एक ठोका बद्द आला. मग काहीच नाही. कुणी कान लावून बसावं, तसं काहीच नाही.

"ऐकतोस व्हय रं..."

तो धडपडत बाहेर आला, पलीकडचा पडदा सारला. रिकामं. तळाचं पॉलिश ओलं, त्यावर पाऊल नाही. फळीवर फुली शोधली. नव्हती. तेव्हा त्याला भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं.

दोन उन्हाळे गेले. फादरचा फोन आला, फळी चिरली. बद्रुद्दीन एसटीनं गेला. जाळीच्या खाली वीतभर चीर. फळी काढून चिरेत पाचर ठोकली, तसे तिचे दोन भाग झाले. आत, लाकडाच्या गाभ्यात, जिथं करवत कधी पोचली नव्हती, तिथं पेन्सिलीची फुली. अर्धी या भागावर, अर्धी त्या.

"हे काय, चाचा?"

"आमच्या भागीदाराची खूण."

"आत कशी?"

बद्रुद्दीन फुलीवरून अंगठा फिरवत राहिला.

"बरं, नवी फळी कधी बसवता?"

"एक उन्हाळा जाऊ द्या."

त्यानं बोट वाकवलं, दोन उन्हाळे सुकलेल्या त्या तुकड्यावर ठोकलं आणि कान लावला.

बद्द. अजून ओलंच होतं.