ऐनाच्या झाडापाशी उभं होतं कोण?

आठ फूट उंच, काळंकुट्ट, अंगभर केस आणि दोन पायांवर उभं! असं काही जंगलात दिसलं तर तुम्ही काय म्हणाल? आबा म्हणाले, "रानमाणूस!" आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

आबा म्हणजे शाल्मलीचे आजोबा, धाकलू झोरे. चाळीस वर्षं वनरक्षक होते, आता निवृत्त. त्यांनी त्या प्राण्याचा नऊ सेकंदांचा व्हिडिओ काढला होता आणि एका पावलाचा प्लास्टरचा साचाही घेतला होता. तरी गावाने त्यांची टर उडवली. पोरं 'थापाडे आबा' म्हणू लागली, तसे आबा घराबाहेर पडेनासे झाले. शाल्मलीला ते बघवेना. उद्याच्या ग्रामसभेत रानमाणूस खरा ठरवायचाच, असा चंग बांधून तिने विद्यापीठातून तोलन नावाचा यंत्रमानव मागवला. २०६८ सालात त्यासाठी एक अर्ज पुरे होता.

"अमेरिकेच्या जंगलातही लोक पिढ्यान्‌पिढ्या असाच केसाळ माणूस शोधतात. त्याला सास्क्वाच म्हणतात," तोलन म्हणाला. "व्हिडिओ आहेत, ठसे आहेत. पण एक हाडही मिळालेलं नाही. म्हणून प्रत्येक पुराव्याला विचारायचं, तू आणखी कशामुळे तयार झाला असशील?"

आधी व्हिडिओ. त्यात प्राणी ऐनाच्या झाडाला पाठ घासत होता.

"आठ फूट कसे मोजलेत, आबा?"

"मोजतोय कशाला? मी खाली वगळीत, नाल्याच्या घळीत हुतो, ते वर उभं. डोंगराएवढं दिसलं!"

"खालून पाहिलं की उंची फसवते. या खोडावर वनखात्याचा पांढरा पट्टा आहे, तो किती उंचीवर मारतात?"

"छातीइतक्या. साडेचार फुटांवर," आबांनी झटकन सांगितलं.

प्राणी खोडाला टेकलेला होता, म्हणून पट्टा त्याची मोजपट्टी झाला. डोकं पट्ट्याच्या जेमतेम फूटभर वर होतं. म्हणजे साडेपाच फूट! शाल्मलीने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला.

मग साचा. पाऊल चांगलं फुटाहून लांब, पण त्याच्या मधोमध पाच टोकदार उंचवटे होते.

"ही नखं आहेत," तोलन म्हणाला. "तळपायाच्या मध्यावर नखं कुणाला असतात? पुढच्या पंजाच्या ठशावर मागचा पंजा थोडा मागे पडला, की त्याची नखं मधोमध उमटतात आणि दोन्ही मिळून एकच लांब पाऊल दिसतं. शेजारचे ठसे कुठे आहेत?"

आबांनी मान खाली घातली. "झाडून टाकले. वाघाच्या मोजणीत एकच चांगला ठसा घ्यायचा आन्‌ वाट साफ करायची. सकाळी नवे उमटत्यात. हात सवयीनं चालला बघ."

शाल्मलीने घाईघाईने तोलनचा हात धरला. "बास! आता पुढे नको तपासूस."

"पोरी, तपासू दे त्याला," आबा म्हणाले.

तिघं ऐनापाशी गेले. सालीत केस अडकले होते. तोलनने त्यांतला डीएनए (पेशीत असलेली, प्रत्येक प्राणिजातीची ओळख सांगणारी रासायनिक लिपी) वाचला. अर्ध्या तासात उत्तर आलं : अस्वल.

शाल्मलीला रडू कोसळलं. "आता सगळे हसणार!"

"आबांनी केसाळ प्राणी दोन पायांवर उभा पाहिला. ते शंभर टक्के खरं आहे," तोलन हळू आवाजात म्हणाला. "जे पाहिलं ते खरं होतं. त्याला दिलेलं नाव तेवढं चुकलं."

आबांचं मात्र त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते केसांकडे टक लावून बघत होते. "अस्वल? आपल्या खोऱ्यात? सव्वीस वर्षं झाली, एक न्हाई दिसलं!"

दुसऱ्या दिवशी आबा ग्रामसभेत स्वतःहून उभे राहिले. साचा पुढे ठेवून त्यांनी उंचीची गोष्ट सांगितली, नखं दाखवली, झाडून टाकलेल्या ठशांची चूकही कबूल केली.

"मग रानमाणूस नाहीच का?" मागून एका मुलीने विचारलं.

"या पुराव्यात तर न्हाई. उद्या नवा पुरावा गावला, तर त्योबी असाच तपासायचा," आबा म्हणाले. मग त्यांनी साच्यावर हात ठेवला. "मी नोकरीत असताना ह्या खोऱ्यातलं शेवटचं अस्वल गेलं. मला राखता आलं न्हाई. आन्‌ आता बघा, आपल्या पायानं परत आलंय."

कुणीही हसलं नाही. 'थापाडे' म्हणणारी पोरं एकेक करून पुढे सरकली आणि तो साचा हातात घेऊन पाहू लागली.