मुक्कामी गाडीचा मधला कॅमेरा

वैजिनाथ कोरे जिना चढून वर आले ते धापा टाकतच. बसा म्हणायच्या आधी बोलायला लागले.

"ताई, उद्या सकाळपर्यंत मला दोन गोष्टी ठरवायच्यात. माझ्या आठ गाड्यांना कुठला कॅमेरा घ्यायचा, अन् हबीबला स्टेअरिंगवर ठेवायचं का न्हाई."

गंगासागर बिडव्यांनी चहाची बशी खाली ठेवली. अंबाजोगाईत खासगी तपासाचं काम करणारी ही एकटीच बाई. पन्नाशी उलटलेली, कपाळावर भस्माची बारीक रेघ. बोलणं थोडं, ऐकणं फार. खुर्चीच्या मागं त्यांचा धाकटा भाऊ संगमेश वही घेऊन उभा होता. त्याचा फोटो स्टुडिओ मोबाइलनं गिळला. तेव्हापासून तो अक्काची स्कूटर चालवी आणि तिच्या तपासाच्या नोंदी ठेवी. पण काच आणि उजेड या दोन गोष्टींत आपला हात कोणी धरणार नाही, असं तो अजून मानायचा.

"कोण हबीब?" गंगासागरनं विचारलं.

"माझ्या मुक्कामी गाडीचा डायवर. रात्री गाडी युसूफ वडगावला त्याच्या दारात असती. सकाळी सातला माजलगावला निघती. वडगावच्या पुढं चार किलोमीटर रस्ता खोदून ठेवलाय. हाडं खिळखिळी व्हत्यात. तीन कंपन्यांनी दाखवायला कॅमेरे दिलते. मी म्हनलं, तिन्ही त्याच गाडीत बसवा, काचेच्या वर, शेजारी शेजारी. जो टिकंल तो घिऊ."

"कोण टिकलं?"

"मधला. दोन तारखेला एक मोटरसायकलवाला खडीवर घसरून गाडीम्होरं पडला. लोकांनी हबीबची गचांडी धरली. मारूनच टाकलं असतं. मधल्या कॅमेऱ्यात सगळं लख्ख आलतं. वीस फुटांवर तो आपसूक घसरलेला. तवा सुटला गडी."

"मग अडचण कुठं आहे?"

वैजिनाथांनी खिशातून चिठोरं काढलं. "त्याच्यानंतर तोच आंधळा व्हायला लागला. पाच, बारा, एकोणीस आणि आज सव्वीस. सातला चित्र साफ. खराब रस्ता लागला की राखाडी. बाकीच्या दिवशी कायबी न्हाई. अन् आज नेमकं त्याच टायमाला उसाच्या ट्रॅक्टरनं गाडीची उजवी बाजू फाडली, आरसा नेला. हबीब म्हनतो, मी उभा व्हतो. दुसऱ्या कंपनीचा माणूस म्हनतो, डायवरनंच काचेवर माती टाकली, चूक दिसू नये म्हणून."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या बापाच्या टायमापासून त्याचं घर आमच्याकडं हाय, ताई. पण गाडीत चाळीस जिवं बसत्यात. खोटं बोलणाऱ्याच्या हातात कशी देऊ?"

गाडी गॅरेजात उभी होती. संगमेश चालकाच्या जागेवर चढला. वरच्या आडव्या पट्टीवर तीन कॅमेरे होते. डावा वाटोळा आणि चकचकीत. उजवा चपटा, काच पार पुढं आलेली. मधला मात्र जाड धातूचा ओबडधोबड डबा. त्याची काच बोटाच्या पेराइतकी आत बसवलेली, भोवती उंच कड. वायरीसुद्धा पेचानं आवळलेल्या.

"ह्याच्या आत धूळ गेली असणार," संगमेश म्हणाला आणि रुमालानं काच पुसून मोकळा झाला. काच लख्ख झाली.

"संगू!" गंगासागर खालून ओरडल्या. "पुरावा पुसलास की रे!"

संगमेशचं तोंड एवढंसं झालं. "निदान एवढं तरी कळलं, अक्का. धूळ बाहेरून आहे, आतून नाही."

गंगासागरनं रुमाल उन्हात धरला. डाग राखाडी होता, त्यात बारीक चमक होती. त्यांनी तो दोन बोटांत चोळला. "रस्त्याची धूळ खरखरते. ही सरकते. आणि शेजारच्या दोन्ही काचांवर बघ, नुसता भुरा फुफाटा."

"पेन्सिलीच्या शिशासारखी आहे," संगमेश म्हणाला. "कुलपात घालतात ती पूड! अक्का, दार कोणाच्या ताब्यात असतं? कंडक्टरच्या!"

कंडक्टर शहादेव हे ऐकून उसळलाच. "दाराला मी तेल घालतो, पूड कुठली? वर माजलगावला पोचल्यावर कॅमेरा पुसतो बी मीच. अन् माझ्यावरच शक? आज मालक फोनवर म्हनले हात लावू नको, म्हणून ठिवला तसाच."

"वाटेत कुणी काचेला हात लावतं?"

"लावंल कसा? डायवरच्या तोंडाम्होरं वाकावं लागतं. कुणाचा हात लागला न्हाई, बाई. देवा वैजनाथाची आन."

हबीब भिंतीला टेकून उभा होता. दुपारची नमाज पढून नुकताच परतलेला. पांढरा कुडता, अत्तराचा मंद वास. रेखलेल्या डोळ्यांच्या कडा लाल झालेल्या.

"सांगा काय झालं," गंगासागर म्हणाल्या.

"समोरून ट्रॅक्टर आला, बाई. दोन ट्रॉल्या, वर ही मोठाली स्पीकरं. मी गाडी कडंला घेतली, हँडब्रेक लावला. छबुबाई मावशी उतरत व्हत्या. त्यानं मागची ट्रॉली घासत नेली, थांबला बी न्हाई. मी कावून माती टाकू? त्याच कॅमेऱ्यानं मला जितं ठिवलं."

"सकाळी गाडी कोण धुतं?"

"अम्मी. मी आंघोळीला असतो तवा ती बादली घिऊन काच, पायऱ्या, समदं पुसती. म्हनती, जिच्यावर लेकाचं पोट ती गाडी घरचीच."

उरला विजयसिंह, उजव्या कॅमेऱ्याच्या कंपनीचा विक्रेता. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. दर शुक्रवारी दुपारी आपल्या कॅमेऱ्याचं चित्रण घ्यायला तो गॅरेजात येई. संगमेशनं अक्काला कोपर मारलं. पाच, बारा, एकोणीस, सव्वीस. चारही शुक्रवारच की!

"हे बघा, मॅडम." विजयसिंहनं मोबाइलवर मधल्या कॅमेऱ्याचं एक थांबलेलं चित्र दाखवलं. नुसती राख. "टक्कर होतानाचं. महागातला कॅमेरा आणि ही अवस्था."

"तुमच्या कॅमेऱ्यात काय दिसलं?"

तो जरा घुटमळला. "खड्ड्यात बंद पडला होता. चारेक मिनिटं."

"डाव्या?"

"त्यात सगळं हलतंय. आवाजाची सोयच नाही त्याला."

"मधल्याला आहे ना? ऐकलात?"

"चित्रच दिसत नाही तर आवाज कशाला ऐकायचा?"

गंगासागर हसल्या. वैजिनाथांकडून त्यांनी मधल्या कॅमेऱ्याचं महिनाभराचं चित्रण मागून घेतलं.

संध्याकाळ होईस्तोवर बहीणभाऊ ते बघत बसले. आधी रोजचं सात वाजताचं पहिलं चित्र. चार शुक्रवारी चित्राच्या कडेनं एक बारीक काळसर कड दिसली.

"भिंगाचा दोष," संगमेशनं जाणकाराच्या थाटात सांगितलं. "जुन्या कॅमेऱ्यांत कडा अशाच काळ्या यायच्या."

"मग शनिवारी का नाही? सोमवारी का नाही?"

"थंडी असंल कमी-जास्त."

अक्कांनी आजचं सात बेचाळीसचं चित्रण लावलं. पडद्यावर राख, पण आवाज खणखणीत. संगमेशनंही कान लावला. लांबून जवळ येणारं गाणं. मग 'फुस्स' असा मोठा आवाज. दार उघडल्याची खडखड, 'सावकाश, मावशी.' गाणं अंगावर आल्यासारखं मोठं झालं आणि पत्रा फाटल्याचा कर्रर्र आवाज. मग गाणं लांब गेलं.

"ठेका झकास आहे," संगमेश म्हणाला.

"आहे खरा," अक्का म्हणाल्या आणि तेवढाच भाग आणखी दोनदा ऐकला. मग वैजिनाथांना फोन लावला. "उद्या साडेसहाला वडगावला या. त्या विजयसिंहलाही आणा."

सकाळी वडगावात चुलींचा धूर जमिनीलगत रेंगाळत होता. हबीबच्या दारात गाडी उभी होती, उजव्या अंगाला जखम घेऊन. तिच्या पुढच्या पायरीवर हबीबची आई आमिनाबी उभी होती. सत्तरीची वाळकी काया, हातात ओलं फडकं. काच पुसता पुसता ती गुणगुणत होती.

"लांबच्या गं वाटंला, बाळ माझं एकलं
जागत्या त्या डोळ्यानं, आडवाटी राखलं"

दळणाच्या ओव्या तिला शेजारणींच्या जात्यानं शिकवल्या असणार. संगमेश ऐकत उभाच राहिला.

सगळे गाडीत जमले. वैजिनाथ, विजयसिंह, शहादेव, हबीब. आमिनाबी दाराच्या दांड्याला धरून उभी राहिली. सातच्या गाडीचे चार-सहा प्रवासीही डोकावले. त्यांत माजलगावला निघालेल्या छबुबाई होत्या.

"आधी ट्रॉलीचं," गंगासागर म्हणाल्या. "वैजिनाथभाऊ, तुम्ही सगळे चित्र बघत बसलात. हा कॅमेरा ऐकतोसुद्धा. हबीब, हँडब्रेक लावा."

हबीबनं खटका ओढला. फुस्स!

"हवा सुटल्याचा हाच आवाज काल आला. त्यानंतर दार उघडलं, शहादेव 'सावकाश, मावशी' म्हणाला, आणि त्याच्याही नंतर पत्रा फाटला. हँडब्रेक लावलेली, दार उघडलेली, मावशी उतरतेय, ती गाडी धावत होती का उभी?"

छबुबाई म्हणाल्या, "उभी व्हती की! माझा एक पाय खाली व्हता. मला इचारलं कुनी?"

वैजिनाथांची मान खाली गेली.

"आता पूड. खराब रस्त्यावर काच राखाडी होते, पण वाटेत कुणाचा हात लागत नाही. म्हणजे पूड गाडी निघायच्या आधीच तिथं होती. काचेवर नव्हती, नाहीतर सातचं चित्र साफ आलं नसतं. ती कडेवर होती. चित्राच्या काठाला दिसली ती काळी रेघ तीच. रस्त्यानं गाडी हलवली आणि कडेवरची पूड काचेवर झडली. शेजारच्या कॅमेऱ्यांना अशी उंच कडच नाही."

"पण मग शुक्रवारीच का?" संगमेशनं विचारलं. "विजयसिंह—"

"विजयसिंह दुपारी येतात. काच सकाळीच राखाडी होते. गाडी रात्रभर या दारात असते, म्हणजे हात या दारातला. आणि कॅमेरे बसवल्यावरच्या पहिल्या आठवड्यात, मोटरसायकलवाला पडायच्या आधी, हे कधीच झालं नव्हतं. पडला मंगळवारी, दोन तारखेला. पूड आली पाठोपाठच्या शुक्रवारी. डोळे झाकायचे असते तर रोज झाकले असते. हे कुणीतरी ठरल्या दिवशी, रीत पाळल्यासारखं करतंय. चमकणारी, बोटावर सरकणारी काळी पूड. काल शुक्रवारी मी तीच दुसऱ्या एका ठिकाणी पाहिली. हबीबच्या डोळ्यांत."

हबीबचा हात नकळत पापणीकडं गेला.

गंगासागर आमिनाबीजवळ गेल्या. आवाज अगदी मऊ केला. "अम्मा, काल सकाळी ह्या कॅमेऱ्याला काय लावलंत?"

"सुरमा," आमिनाबी सहज म्हणाली. मग सगळ्यांच्या तोंडाकडं बघून घाबरली. "जुम्म्याला घरातल्या समद्यांच्या डोळ्याला घालते मी. नजर साफ ऱ्हाती. त्या दिशी लोक माझ्या लेकराला मारायले व्हते, तवा ह्या येकल्या डोळ्यानं खरं सांगितलं, बाई. आमच्यासाठी येवढं केलं त्यानं. मग घरातलाच की तो. त्याला बी सुरम्याच्या काडीनं कडंकडंनं घालते, वरच्या पापणीला अन् खालच्या. काय वंगाळ झालं का? मोडला का त्यो?"

"अम्मी!" हबीब खाली बसला आणि त्यानं तिचे पाय धरले. "अगं, माझी नोकरी जायला निघालती."

"या अल्ला! माझ्या हातानं?" म्हातारी मटकन पायरीवर बसली.

"मोडला नाही," गंगासागरनं तिचा हात धरला. "वरून सुरमा झडला, आत कण गेला नाही. चार किलोमीटर खड्डे खाऊन त्यानं 'फुस्स'सुद्धा स्पष्ट ऐकवलं. वैजिनाथभाऊ, कुठला घ्यायचा ते या अम्मांनी तुम्हाला दाखवून दिलंय. फक्त अम्मा, त्याला ओल्या फडक्यापेक्षा जास्त काही सोसत नाही. तेवढंच करा."

विजयसिंहनं मोबाइल खिशात घातला. "मी डायव्हरचं नाव घेतलं ते चुकलं," तो हळूच म्हणाला. "मीही आवाज ऐकायला पाहिजे होता."

वैजिनाथ आमिनाबीसमोर उकिडवे बसले. कोरे घराण्याचा मालक त्या पायरीपुढं असा बसलेला वडगावनं पहिल्यांदाच पाहिला.

"आमिनाबी, चूक तुमची न्हाई, माझी. घरच्या माणसाला इचारायच्या आधी मी चिठ्ठीवर तारखा मांडत बसलो."

"मालक, असं म्हनू नका," ती डोळे पुसत म्हणाली. "खरं हुडकायला तुमी ह्या बाईला आनलं, ह्ये काय कमी हाय? दुसरा मालक इचारत बी न्हाई. सरळ हाकलतो."

संगमेशला वाटलं, आपण काचेबद्दल आयुष्यभर जे बोललो त्यातलं निम्मं आज या म्हातारीनं खोडून टाकलं. त्याला राग आला नाही. उलट, इथं आणल्याबद्दल अक्काचे उपकारच वाटले. पण ते बोलून दाखवायची बिडव्यांच्या घरात रीत नव्हती. त्यानं स्कूटरची सीट अक्कासाठी बाहीनं पुसली.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. हबीब जागेवर जाऊन बसला, पण चावी फिरवेना. खांदे हलत होते.

"आरं हबीब!" छबुबाई मागून ओरडल्या. "डोळे पूस अन् हान गाडी. माझ्या बहिणीच्या नातीचं बारसं हाय. माझ्याबिगर पाळणा हालनार हाय का?"

गाडीभर हसू फुटलं. त्या हसण्यातच वैजिनाथ वर चढले. त्यांची चारचाकी वडाखाली उभी होती. तिच्याकडं न बघता ते चालकाच्या मागच्या बाकावर बसले.

"शहादेव, माजलगाव एक."

"मालक, तुमाला तिकीट?"

"दे की. पाशिंजर हाय मी आज." त्यांनी पुढं वाकून हबीबच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, बाबा. ने आमाला."

हबीबनं चावी फिरवली.